टाळूतला सुळा

आमच्या एक्स-रे सेंटरला येणाऱ्या माणसांचे मी दोन भाग करतो. एक, ज्यांना दुखतंय. दुसरे, ज्यांना काहीच दुखत नाही आणि तरी डॉक्टरांनी पाठवलंय. पहिली माणसं गरीब असतात. हनुवटी ठेवा म्हटलं की ठेवतात, दात चावा म्हटलं की चावतात. दुसरी माणसं प्रश्न विचारतात, आणि उत्तर मिळालं की तोच प्रश्न सोबत आलेल्या माणसाकडून पुन्हा विचारून घेतात.

जासईचे भगवान घरत दुसऱ्या भागातले. सोबत तेरा वर्षांची मुलगी जुईली आणि भगवानची आई चंद्रावती. दुखत कुणालाच नव्हतं.

मी तळोज्याला एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या डब्यांवर लेबलं लावायला लागलो, तेव्हा तिनेच मला नवीन पनवेलच्या या सेंटरात काउंटरवर चिकटवलं. इथे मला सगळे काका म्हणतात. काम तेच. आलं ते लिहायचं, गेलं ते लिहायचं, आणि हरवलं म्हणून कोणी बोंबललं की ते कुठे आहे ते शोधायचं. स्टोअरमधला एक नियम इथेही लागू पडतो: वस्तू हरवत नाही, चुकीच्या जागी ठेवलेली असते.

जुईलीचा सुळा तसाच होता. वरच्या उजव्या बाजूला दुधाचा सुळा अजून चिकटून बसला होता आणि खरा सुळा कुठे दिसतच नव्हता. पोरगी हसताना तोंडावर हात धरायची, म्हणजे बऱ्याचदा हसायचीच नाही. दात सरळ करणाऱ्या डॉक्टर रुचिरा यांनी तिला आमच्याकडे पाठवलं तो शुक्रवार होता.

आधी मोठा एक्स-रे. पोरगी उभी राहते, हनुवटी टेकवते, आणि मशीन तिच्या डोक्याभोवती अर्धा फेरा मारतं. चंद्रावतीबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. हिरवं लुगडं, कानात जुन्या वजनदार कुड्या, आणि नजर अशी की मशीनने पोरीला जरा जरी हात लावला असता तर मशीनची धडगत नव्हती.

"डोकं हुडकतंय काय रं ते?" त्यांनी भगवानला विचारलं.

"फोटू काढतंय आये."

"दाताचा फोटू, मंग डोक्याभोवती कशाला फिरतंय?"

भगवान फोनमध्ये बघायला लागला. बाईंच्या या प्रश्नाची नोंद मी तेव्हाच घ्यायला हवी होती. घेतली नाही.

पडद्यावर सगळे दात ओळीने उभे दिसले आणि त्यांच्या वर, पुढच्या दाताच्या मुळावर डोकं टेकून, एक सुळा आडवा झोपलेला. माल स्टॉकमध्ये होता, रॅकवर नव्हता. आमची टेक्निशियन नीता म्हणाली, "बघा, नाकाच्या खालीच जाऊन बसलाय."

डॉक्टर रुचिरांनी फोनवर भगवानला नीट समजावलं. झोपलेला सुळा नुसता झोपलेला नाही, तो पुढच्या दाताचं मूळ खातोय. तो वेळेत खाली ओढला नाही तर मधला चांगला दात हातचा जाईल. ओढायचा म्हणजे सर्जन छोटीशी जागा उघडणार, सुळ्याला साखळी चिकटवणार, आणि मग तो महिन्या-महिन्याने खाली येणार. सर्जन मुंबईहून एक आड एक गुरुवारी येतात. येत्या गुरुवारी जुईलीचा नंबर. फक्त एकच गोष्ट आधी कळायला हवी, सुळा ओठाच्या बाजूला आहे की आतल्या. कुठून उघडायचं ते त्यावर ठरतं.

त्यासाठी दोन छोट्या फिल्म काढायच्या. एक समोरून आणि दुसरी ट्यूब जरा बाजूला सरकवून.

"एकाच दाताचं दोन फोटू कशाला?" भगवानने विचारलं.

नीता समजावायला लागली. ट्यूब सरकवली की सुळा बाकीच्या दातांच्या मानाने सरकलेला दिसतो, ट्यूबबरोबर सरकला तर आत, उलट सरकला तर बाहेर. तिसऱ्या वाक्याला तिचाच गुंता झाला. भगवानने मात्र हात वर केला.

"थांबा ताई. आमच्या तितं कंटेनरचा यार्ड हाय, माझीच जागा हाय ती. दोन डबं एकामागं एक लावलं का समोरून कलत नाय कंचा पुढं, कंचा मागं. मी काय करतो, दोन पावलं बाजूला सरकतो. मागचा डबा माझ्यासंगं सरकतो, पुढचा मागं ऱ्हातो. ह्येच ना?"

नीता त्याच्याकडे बघतच राहिली. "हेच," ती म्हणाली. "आठ वर्षं काम करतेय, मला असं कोणी सांगितलं नव्हतं."

भगवान खूश झाला. चंद्रावतीबाई झाल्या नाहीत. "डबं डबं काय लावलंस? पोरीचं त्वांड हाय," म्हणाल्या आणि जुईलीला घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

थोड्या वेळाने नीताने पोरीला आत बोलावून दोन्ही फिल्म काढल्या आणि डॉक्टरांना पाठवल्या. शनिवारी सकाळी डॉक्टर रुचिरांचा फोन.

"काका, दुसऱ्या फिल्मवर नीताने लिहिलंय, ट्यूब पुढे सरकवली. पुढे म्हणजे कुठे?"

मी नीताला विचारलं. ती म्हणाली, "पुढे म्हणजे पुढे."

"पुढे म्हणजे पुढच्या दातांकडे?" फोनमधून डॉक्टर. "की पुढे म्हणजे आणखी पुढे, दाढेकडे?"

 नीता हवेत ट्यूब धरल्यासारखे दोन्ही हात करून एकदा डावीकडे सरकली, एकदा उजवीकडे. शुक्रवारी चौदा पेशंट झाले होते. "मी नेहमी पुढच्या दातांकडे सरकवते," ती म्हणाली. "पण ही आजी दारात उभी होती ना, त्यामुळे त्या बाजूने मला जागा नव्हती. म्हणजे मग... थांबा हं."

थांबून काही उपयोग झाला नाही. नियम साधा आहे, पण ट्यूब कुठे गेली तेच माहीत नसेल तर सुळा बरोबर गेला की उलट गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एकतीस वर्षांत मी असे खूप शेरे पाहिले. "माल मागे ठेवला." कशाच्या मागे? लिहिणारा बदलून गेलेला असतो.

"मला टाळूतच वाटतोय," डॉक्टर म्हणाल्या. "पण वाटतंय म्हणून कापत नाहीत. त्यांना परत बोलवा. गुरुवारच्या आत."

मी भगवानचा नंबर लावला. फोन चंद्रावतीबाईंनी उचलला, भगवान फोन घरी चार्जिंगला लावून यार्डात गेला होता. मी सांगितलं ते शब्दशः असं, कारण पुढे मला ते सात-आठ वेळा परत सांगावं लागलं:

"आजी, सुळा टाळूत आहे असं वाटतंय. खात्री करायला परत एक्स-रे काढायचाय. मुलीला घेऊन या."

पलीकडे कंटेनरच्या ट्रेलरचा हॉर्न वाजला. 

"टालूत?" त्या म्हणाल्या.

"हो, टाळूत."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

रविवारी सेंटर बंद. सोमवारी मी फोन केला तर "येतो उद्या". मंगळवारी फोन केला तर "पोरीला बरं नाय". कोण माणूस येणार आणि कोण नुसतं येतो म्हणणार, हे मला आवाजावरून कळतं. हा दुसऱ्या जातीचा आवाज होता. मंगळवारी दुपारी डॉक्टर रुचिरांनी मला सुनावलं की हा गुरुवार गेला तर पुढे दोन आठवडे, आणि तेवढ्यात ते मूळ आणखी खाल्लं जाईल. मी भगवानला यार्डात गाठलं. तो म्हणाला, "आये नाय म्हनते काका. तिच्यापुढं माझं चालत नाय." कशाला नाही म्हणते, हे त्यालाही धड माहीत नव्हतं. "डोक्याचं काम हाय म्हनते," एवढंच म्हणाला. मला वाटलं, डोकेदुखीचं काम म्हणतोय. मी म्हटलं, "आहेच, पण आणा."

बुधवारी सकाळी तिघं आली.

जुईलीला बघून मी आधी घाबरलो. केस डोक्याला चपचपीत चिकटलेले, कपाळावरून तेलाचा एक ओघळ भुवईपर्यंत, आणि सगळ्या सेंटरात खोबरेल तेलाचा वास. पाच दिवस फणी लागलेली नसावी. चंद्रावतीबाईंचा उजवा हात पोरीच्या डोक्यावर सपाट ठेवलेला, जसं उकळणाऱ्या पातेल्यावर झाकण धरावं. त्या बसल्या तरी हात तिथेच. पाणी प्यायल्या ते डाव्या हाताने.

"काका, या तेलाने सेन्सर खराब होईल," नीता माझ्या कानात म्हणाली. "डोकं पुसायला सांगा."

मी सांगितलं. बाईंनी हात काढला नाही.

"आधी मना एक सांगा," त्या म्हणाल्या. "पोरीचं केस कापाल काय?"

"केस? नाही हो आजी. केसांचा काय संबंध?"

"मंग टालू कशी उघडनार?"

"ते सर्जन बघतील. थोडीशीच उघडतात. दात दिसला की झालं."

"उघडनार मंजे उघडनारच?"

"उघडल्याशिवाय दात कसा सापडणार? नंतर टाके घालतात. आठवड्याभरात भरून येतं."

बाईंनी पोरीच्या डोक्यावरचा हात आणखी दाबला. "आनि हाड?"

"वर हाड असलंच तर थोडं घासून काढतात. छोटं मशीन असतं."

हे मी अगदी धीराच्या आवाजात सांगितलं. भगवान भिंतीला टेकला. जुईलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही मला दिसलं, आणि मी ते भीतीच्या खात्यात टाकून पुढे गेलो. कुठलीही मुलगी घाबरेलच.

"पोर निजलेली असंल ना तवा?"

"छे, पूर्ण शुद्धीत. जागेपुरतं बधिर करतात. फक्त तोंड उघडं ठेवून पडायचं."

चंद्रावतीबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, निव्वळ गोंधळ होता.

"त्वांड कशाला उघडं?"

 दाताच्या कामाला तोंड कशाला उघडायचं, असं मला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मी नीताकडे पाहिलं, नीताने भगवानकडे, भगवानने छताकडे. माझ्या मनात आलं, या बाईंना काही होतंय का? मग मनात आलं, मलाच काही होतंय का? आणि मग माझी नजर त्या हातावर गेली. झाकणासारखा ठेवलेला हात, त्याखाली तेल, त्याखाली...

"आजी," मी विचारलं, "टाळू कुठे असते?"

"आता ह्ये बी मीच सांगू?" त्यांनी पोरीच्या डोक्यावर मधोमध दोन बोटं आपटली. "हितं. जल्मल्या पोराची हितं उडते ती टालू. जासईतल्या निम्म्या पोरांची मी भरलीय, तेल घालून. हिचीच ऱ्हायली."

नीता पुढे झाली. "अहो आजी, टाळू तोंडात असते! जीभ वर लागते तिथे."

"तो टाला," चंद्रावतीबाई म्हणाल्या.

नीताने नकळत जीभ वर लावून पाहिली.

"जीभ लागते तो टाला," त्या पुन्हा म्हणाल्या, आता हळू, आम्हा शिकलेल्यांना समजावं म्हणून. "टाल्याला जीभ चिकटते. टालूला तेल लावतात. तुमी फोनवं काय म्हटलंत? टालूत म्हटलंत का टाल्यात?"

"टाळूत," मी म्हणालो. खोटं बोलून सुटण्यासारखं नव्हतं.

"मंग!"

माणसं चुका करतात आणि मी त्या मोजतो, असा माझा वर्षानुवर्षांचा समज. इथे माझ्या एका उकाराने पोरगी पाच दिवस तेलात बुडाली होती. टाळू हा शब्द आम्ही दोन्हींसाठी वापरतो, वरच्यासाठी आणि आतल्यासाठी, आणि कधी अडत नाही. यांच्या घरी दोन जागांना दोन शब्द होते. स्टोअरकीपरला लाज वाटावी अशी गोष्ट: दोन मालांना मी एकच लेबल लावलं होतं.

"म्हणजे दात डोक्यात नाहीये?" जुईलीने विचारलं. तिचा आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

"डोक्यात कसा जाईल बाळा?" नीता म्हणाली.

"डॉक्टर मॅडमनीच सांगितलं ना, खाली यायचा तो वर गेला. तुम्ही पण दाखवला, नाकाजवळ. मला वाटलं, चालत गेला आणखी." तिने डोक्यावरून हात फिरवला. "मला इथे टेंगूळ पण लागत होतं."

"आनि तुला कलू नाय?" चंद्रावतीबाई भगवानवर उलटल्या. "येवढा यार्डाचा मालक!"

"तू म्हनालीस डोक्यात. मी म्हटलं असंल," भगवान पुटपुटला. "मशीन फिरली व्हती ना डोक्याभोवती."

तो डब्यांचा हिशेब एका दमात लावणारा माणूस. पण त्याला हसायची सोय नव्हती. माझ्या बाजूची चूक अजून ओली होती.

बाई मात्र खुर्चीत जरा सैल झाल्या आणि मग एकदम बोलायला लागल्या, माझ्याशी नाही, पोरीच्या केसांशी. जुईली झाली तेव्हा दवाखान्यातली नर्स म्हणाली, टाळू भरायची नाही, तेल घालायचं नाही, हल्ली घालत नाहीत. सून मनिषा पण तेच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा, त्या म्हणाल्या, मी ऐकलं कुणाचं, आणि गप्प बसले. शनिवारी तुमचा फोन आला तेव्हा वाटलं, झालं, दार उघडं राहिलं ते राहिलंच, त्यातून दात वर चढला. पाच दिवस तेच भरून काढत होते.

"आता मऊ झाली असंल तर दात आपसूक उतरंल, असं वाटलं," त्या म्हणाल्या. "कापायला द्यायची नाय, हे ठरवूनच आले व्हते. आज फकस्त तुमास्नी सांगायला आले."

म्हणजे गुरुवार हातचा जाणारच होता, आणि तो माझ्या तोंडाने.

"आता?" मी विचारलं.

"आता मना बगू द्या."

त्या उठल्या, बेसिनवर गेल्या, आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. दोनदा. नीताने हातमोजे पुढे केले तर म्हणाल्या, "मोज्यानं अंगठा आंधला व्हतो." नीताने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. शेकडो बाळांची डोकी ज्या अंगठ्याने चाचपली तो अंगठा त्यांनी जुईलीच्या तोंडात घातला, डोळे मिटले, आणि टाळ्यावरून, हो, टाळ्यावरूनच, सावकाश फिरवला.

"डावीकडं सपाट." अंगठा सरकला. "मदी सपाट." मग थांबला. परत मागे आला. "हितं. हितं गाठ हाय. हरभऱ्यायेवढी. दुखतं का गो?"

जुईलीने तोंडात अंगठा असताना मान हलवली, नाही.

"येनारच नाय खाली ह्यो आपला. आडवा पडलाय," बाई म्हणाल्या आणि अंगठा पदराला पुसला.

नीताने न राहवून आपलं बोट घातलं, मोजा घालून. बराच वेळ चाचपडली. "लागतंय खरं काहीतरी," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात खात्री नव्हती. बाईंच्या होती.

तरी फिल्म काढायचीच होती. पोरीचं डोकं टॉवेलने तीनदा पुसलं. शिशाचा एप्रन घातला. पहिली फिल्म समोरून. दुसरीच्या वेळी नीताने मला आत बोलावलं आणि माझ्यासमोर ट्यूब सरकवली. "दाढेकडे," ती मोठ्याने म्हणाली. "दाढेकडे," मी लिहिलं. दारातून भगवान म्हणाला, "दाढेकडं." साक्षीदार तीन झाले.

दोन्ही फिल्म पडद्यावर शेजारी-शेजारी लागल्या. भगवानने मान वाकडी करून पाहिलं. पहिल्या फिल्ममध्ये सुळ्याचं टोक पुढच्या दाताच्या मुळाच्या मधोमध होतं. दुसरीत ते दाढेच्या बाजूला सरकलं होतं.

"संगं आला," भगवान म्हणाला. "मागचा डबा."

"म्हणजे आत. टाळूत," नीता म्हणाली, आणि जीभ चावली. "टाळ्यात."

मी फिल्म डॉक्टर रुचिरांना पाठवल्या. दहा मिनिटांत फोन आला. आतूनच आहे, उद्या अकराला घेऊन या, मी सर्जनना कळवते. मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस का लावले त्या लोकांनी?" मी म्हटलं, "लांब राहतात." माझ्या नावावर काही गोष्टी लिहायच्या राहिल्या तरी चालतात.

मी फोन चंद्रावतीबाईंच्या हातात दिला. त्यांनी डॉक्टरांचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "टाल्यात काय करायचं ते तुमी करा बाय. पन डोक्यावं हात माझा ऱ्हायला पायजे."

पलीकडून डॉक्टर काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. बहुधा सर्जन डोक्यापाशीच बसतात, तिथे जागा नसते, असं काहीतरी.

"मंग पायावं," बाई म्हणाल्या. "पायाशी तर कोन बसत नाय ना?"

पाय मंजूर झाले.

गुरुवारी मी सेंटरात होतो आणि ते डॉक्टरांकडे. साडेअकरा, बारा, सव्वाबारा. तीन पेशंट होते, तिघांचीही नावं मी चुकीच्या ओळीत लिहिली आणि नीताने हसत खोडली. एक वाजता भगवानच्या नंबरवरून फोन आला.

"घावला," चंद्रावतीबाई.

"कुठे?"

"कुठं मंजे? मी म्हटलं व्हतं तितंच. साकली लावली. पोरगी हसली, टाकं घातलेलं हाय तरी. डाक्टरीन म्हनाली, हसू नको." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वहीत काय लिव्हलंय?"

मी वही उघडली. शनिवारच्या नोंदीत माझ्याच अक्षरात होतं: सुळा टाळूत.

"टाळूत," मी खरं सांगितलं.

"खोडा ते. कुनी वाचलं तर घाबरंल."

शब्दकोश माझ्या बाजूने आहे, हे मला माहीत होतं. मी तरी पेन घेतलं. उकार खोडून काना द्यायचा एवढंच काम होतं, पण मग "टाळात" झालं, म्हणजे सुळा भजनाला गेल्यासारखा. ते खोडलं. वर "टाळ्यात" लिहिलं, तर आता जुईलीचा सुळा कुलपात बंद झाला.

"खोडलं काय?" फोनमधून त्यांनी विचारलं.

"खोडतोय आजी," मी म्हणालो. "थांबा जरा. जागा सापडत नाहीये."